‘दहापैकी किती?’ या प्रश्नाचं कूळ

आत्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. सिस्टर आल्या, ताप पाहिला, ब्लडप्रेशर घेतलं आणि विचारलं, “आजी, दुखणं दहापैकी किती?” आत्या गोंधळली. म्हणाली, “ठणकतंय गं. आणि कूस बदलली की एक सणक निघते, ती पार टाचेपर्यंत जाते.” सिस्टरनी पुन्हा विचारलं, “हो आजी, पण दहापैकी किती?” आत्याने जरा विचार केला आणि म्हणाली, “लिही सहा.” केसपेपरवर सहा लागले. ठणका आणि सणक कागदाबाहेरच राहिली.

मला तेव्हा राग आला होता. पुढे त्या आकड्याचं मूळ शोधत गेले, तसा राग निवळला. आत्याच्या तोंडचं ‘सहा’ कागदावर यायला कितीतरी वर्षांची मेहनत पडली आहे, हे तेव्हा कळलं.

ताप पारा सांगतो, साखर रक्त सांगतं. दुखणं फक्त ज्याचं त्यालाच कळतं. मग एखादं औषध दुखण्यावर लागू पडलं की नाही, हे ठरवायचं कसं? वेदनाशामकांच्या संशोधनातली पहिली अडचण हीच, आणि ती आजही पुरती सुटलेली नाही.

१९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जेम्स हार्डी, हॅरॉल्ड वुल्फ आणि हेलन गुडेल या तिघांनी ती यंत्राने सोडवायचा प्रयत्न केला. हजार वॅटचा दिवा, त्यापुढे भिंग. कपाळाच्या एका ठिपक्याला काळी शाई फासायची, म्हणजे कातडीचा रंग कोणताही असो, उष्णता सारखीच शोषली जाईल. त्या ठिपक्यावर तीन सेकंद झोत टाकायचा. मग उष्णता थोडी वाढवायची, पुन्हा तीन सेकंद. ऊब संपून टोचल्यासारखं कुठे वाटलं, ते समोरच्याने सांगायचं. हे तिघं एकमेकांच्या कपाळांवर हे प्रयोग करत. अ‍ॅस्पिरिन घेऊन पाहत, मॉर्फिन घेऊन पाहत आणि टोचणी किती उशिरा येते ते टिपत. वेदनेसाठी त्यांनी ‘डोल’ नावाचं एककही केलं. पट्टी शून्यापासून साडेदहा डोलांपर्यंत. बाळंतपणाच्या कळाही याच यंत्राने मोजल्या गेल्या. कळ ओसरली की हातावर झोत टाकायचा आणि विचारायचं, मघाची कळ जास्त की हे जास्त? त्यात हात भाजल्याची नोंद आहे.

प्रयोग निष्ठेने झाले होते. तरी इतर प्रयोगशाळांना तेच निकाल मिळेनात. कोणतं औषध दिलं आहे हे सांगायचं नाही असं ठरवून चाचणी घेतली, की मॉर्फिनसारख्या जबरदस्त औषधाचाही परिणाम कपाळावरच्या चटक्यात धडपणे दिसेना. मॉर्फिनने आजाऱ्याचं दुखणं उतरतं, हे तर दवाखान्यात रोज दिसत होतं. म्हणजे प्रयोगशाळेतला चटका आणि आजाऱ्याचं दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

हे ठासून सांगणारा माणूस म्हणजे हेन्री बीचर, बोस्टनचे भूलतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीच्या आघाडीवर होते. नुकत्याच गंभीर जखमी होऊन आलेल्या सैनिकांना ते विचारत, दुखतंय का, औषध हवं का? १९४६ साली त्यांनी जे छापलं ते वाचून आजही थबकायला होतं. शुद्धीवर असलेल्या त्या जखमी जवानांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांनी औषध नको म्हटलं होतं. पुढे बीचर यांनी साध्या नागरिकांच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्याशी तुलना केली, तेव्हा तिथे औषध मागणारे कितीतरी जास्त निघाले. बीचर यांनी लावलेला अर्थ असा: जवानाला जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका, साध्या नागरिकाला ऑपरेशन म्हणजे संसारावर आलेलं संकट. जखमेच्या आकारावरून दुखणं ताडता येत नाही. आजाऱ्यालाच विचारावं लागतं.

पण विचारण्यातही गोची आहे. डॉक्टरने औषध दिलं म्हटल्यावरच निम्मं बरं वाटतं, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. बीचर यांनी १९५५ साली पंधरा अभ्यासांतल्या १०८२ रुग्णांची माहिती एकत्र केली आणि नुसत्या दिखाऊ गोळीनेही सरासरी ३५ टक्के रुग्णांना आराम पडतो, असं मांडलं. आपसूक उतरणारं दुखणंही त्यांनी गोळीच्या खात्यात धरलं, अशी टीका या टक्केवारीवर पुढे झाली, आणि ती रास्त आहे. तरी औषध खरं की खोटं हे देणाऱ्यालाही ठाऊक नसावं आणि घेणाऱ्यालाही, ही शिस्त रुजायला त्या लेखाने मोठा हात दिला. विश्वासाने मिळणारा आराम म्हणजे नुसता मनाचा खेळ, असंही नाही. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. दिखाऊ औषधाने ज्यांना आराम पडला होता, त्यांना अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्झोन दिलं, तेव्हा दुखणं पुन्हा वाढलं. शरीर स्वतःच अफूसारखं द्रव्य तयार करून वेदना शमवत होतं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आत्याला विचारलेल्या प्रश्नाचं खरं आजोळ मात्र न्यूयॉर्कचं कॅन्सर रुग्णालय आहे. मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये १९५० च्या दशकात डॉ. रेमंड हौडी, संख्याशास्त्राची बाजू सांभाळणारे स्टॅन्ली वॉलेनस्टीन आणि अ‍ॅडा रॉजर्स नावाच्या परिचारिका अशी मंडळी कामाला लागली. दुखणं खरं होतं, कॅन्सरचं होतं. एकाच रुग्णाला आज एक औषध, दुखणं परतल्यावर दुसरं, असं आळीपाळीने देत. त्यामुळे रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होई. बाटलीत काय आहे हे रॉजर्सबाईंनाही ठाऊक नसे. त्या तासातासाने खाटेशी जाऊन विचारत: दुखणं नाही, थोडं, मध्यम की फार? आराम किती पडला? जे उत्तर येई ते लिहून ठेवत. रुग्ण वाढवून सांगतोय का, घाबरलाय का, असली शेरेबाजी नाही. मॉर्फिनच्या इंजेक्शनइतका परिणाम तोंडाने घेतल्यावर किती मात्रेत मिळतो, एका औषधाऐवजी दुसरं द्यायचं तर किती द्यायचं, हे डॉक्टर ज्या कोष्टकांवरून ठरवत आले, त्यांचा पाया या तासातासाच्या विचारपुशीत आहे. या कुळकथेत एकाच माणसाला नमस्कार करायचा झाला, तर मी तो अ‍ॅडा रॉजर्स यांना करीन.

‘थोडं, मध्यम, फार’ या पायऱ्या मोठ्या पडत, मधला फरक निसटे. म्हणून दहा सेंटिमीटरची सरळ रेघ आली. डाव्या टोकाला काहीच दुखत नाही, उजव्या टोकाला याहून जास्त दुखूच शकत नाही. रुग्णाने मध्ये खूण करायची, संशोधकाने फूटपट्टीने मिलिमीटर मोजायचे. ब्रिटनमध्ये हस्किसन यांनी १९७४ च्या सुमारास ती रूढ केली. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्याला, हात थरथरणाऱ्याला रेघ जमेना, तेव्हा शून्य ते दहा असं तोंडीच विचारायला सुरुवात झाली. २००१ साली फरार आणि सहकाऱ्यांनी दहा चाचण्यांतल्या २७२४ रुग्णांचे आकडे तपासले. सुमारे दोन अंक, म्हणजे जवळपास तीस टक्के उतार पडला की रुग्ण स्वतःहून ‘बराच फरक आहे’ म्हणतो, असं त्यांना आढळलं. आज नवी गोळी जोखताना हा हिशेब बघितला जातो.

हस्किसन यांची रेघ रूढ होत होती त्याच काळात कॅनडात रोनाल्ड मेलझॅक वेगळ्या वाटेने चालले होते. ते रुग्णांच्या तोंडचे शब्द गोळा करत. टॉर्गरसन यांच्याबरोबर त्यांनी १९७१ मध्ये १०२ इंग्रजी शब्दांची वर्गवारी केली. १९७५ च्या मॅकगिल प्रश्नावलीत त्यांतले ७८ शब्द वीस गटांत आले. दुखणं किती आहे यापेक्षा कसं आहे, हे त्यांना हवं होतं, कारण औषध त्यावर ठरतं. आग, झिणझिण्या, विजेसारखी सणक असं रुग्ण सांगतो तेव्हा नस दुखावल्याचा संशय येतो, आणि तिथे नेहमीच्या सुजेवरच्या गोळ्या फारशा चालत नाहीत.

आता आपल्या भाषेकडे बघा. नखुरडं झालं की बोट ठणकतं, नाडीच्या ठोक्यागणिक. गळू ठसठसतं. पोटात कळ येते, मुरडा येतो. पोटरीत पेटका, पाठीत उसण, बरगडीत चमक. हंडा वाहून खांद्याला रग लागते. कापलेल्या बोटाला लिंबू लागलं की चुरचुरतं. आमच्या आत्याने एका वाक्यात दोन वेगळी दुखणी सांगितली होती: जखमेचा ठणका आणि नसेची सणक. सहा या आकड्यात दोन्ही मिसळून गेली.

आकड्यानेही एकदा घात केला आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत वेदनेला नाडी, ताप, श्वास, रक्तदाबाच्या पंगतीत बसवलं. हेतू चांगला होता. पण आकडा खाली आणण्याच्या घाईत अफूजन्य गोळ्या भरमसाट लिहिल्या गेल्या, औषध कंपन्यांनी त्यांचा जोरात प्रचार केला, आणि व्यसनाने माणसं मेली. माझ्या मते दोष विचारण्यात नव्हता. एकच गोष्ट विचारून थांबण्यात होता.

म्हणून वाचकहो, दवाखान्यात तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला हा प्रश्न आला, तर आकडा जरूर सांगा, त्यामागे मोठी तपश्चर्या आहे. पण लगेच पुढचं वाक्यही बोला: ठणका आहे, आग आहे, की सणक आहे, कुठून निघते आणि कुठवर जाते. आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा.