गाविलगडाचे चिलखत

सातपुड्याच्या मेळघाट रांगेत, अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याजवळ उभा असलेला गाविलगड हा वऱ्हाडातील अत्यंत बळकट किल्ला मानला जात असे, आणि तरीही १५ डिसेंबर १८०३ रोजी सकाळी सुरू झालेल्या एकाच सुलतानढव्यात, म्हणजे चोहोबाजूंनी एकदम केलेल्या निकराच्या हल्ल्यात, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या हाती पडला. या पराभवाचे कारण बहुधा गडाचे धनी असलेल्या भोसल्यांच्या ढासळत्या बळात किंवा कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली याच्या कौशल्यात शोधले जाते. परंतु गडाच्या रचनेकडे एखाद्या स्थापत्यकाराच्या नजरेने पाहिले, तर वेगळा आणि अधिक उपयोगी प्रश्न समोर येतो, तो असा की तेवढाच दगड, तेवढीच माणसे आणि तोच डोंगर हाताशी असताना याहून सुरक्षित गाविलगड बांधता आला असता काय.

गडाची जुनी तटबंदी बहमनी सुलतान अहमदशहा वली याच्या काळात, १४२५ च्या सुमारास उभी राहिली. पुढे १४८८ मध्ये इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमादउल्मुल्क याने तिची डागडुजी केली आणि १५७७ मध्ये निजामशाही अमलात बहराम बुरुजाची भर पडली. दक्षिणेकडे, जिथे कडा सर्वांत ताशीव आहे, तिथे आतला किल्ला; त्याच्या उत्तर व वायव्य अंगाला बाहेरचा किल्ला; आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाटेवर आणखी एक तिसरा तट, अशी ही मांडणी होती. दक्षिण दरवाजाची चढण लांब, उभी आणि पायी माणसांपुरतीच; वायव्य दरवाजाची वाट अरुंद, दोन्ही अंगांनी तासलेली आणि बराच पल्ला गडाच्या माऱ्याखालून जाणारी. इंग्रजी कागदपत्रांत ‘लबाडा’ म्हणून नोंदलेल्या गावाकडची, उत्तरेची बाजू मात्र गडाच्या पातळीतली सपाट होती. बांधणाऱ्यांना हे उणेपण ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी तिथे तटावर तट घातले, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांचा खरा भरवसा मात्र डोंगरावर होता: एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथून उत्तरेच्या त्या सपाटीवर पोहोचायला सुमारे ३० मैलांची डोंगरवाट तुडवावी लागे आणि तिच्यावरून जड तोफा येणार नाहीत असे गृहीत धरलेले होते.

एका नैसर्गिक गुणाला चिलखताच्या जागी बसवण्याची ही चूक शंभर वर्षांनी, समुद्रापार, अगदी निराळ्या वस्तूच्या बाबतीत घडली. १९०९ मध्ये ब्रिटिश आरमारात दाखल झालेली ‘इन्व्हिन्सिबल’ ही पहिली बॅटलक्रूझर होती, म्हणजे ड्रेडनॉट युद्धनौकेसारख्या १२ इंची तोफा वाहणारी, परंतु तिच्याहून वेगवान, आणि तो वेग मिळावा म्हणून कुशीचे पोलादी चिलखत फक्त ६ इंचांवर आणलेली नौका. तिच्यामागची कल्पना मांडणाऱ्या अॅडमिरल फिशर यांच्या मते वेग हेच संरक्षण होते. जर्मनांनी ‘फॉन डेर टान’ बांधताना थोड्या लहान, ११ इंची तोफांवर समाधान मानले आणि वाचलेले वजन सुमारे १० इंच जाडीच्या चिलखतावर खर्च केले. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर स्फोटाने उडाल्या आणि ‘इन्व्हिन्सिबल’वरील १,०२६ माणसे मेली, केवळ ६ वाचली. त्या नौकांना अधिक जाड चिलखत दिले असते तर काय झाले असते, याचे कल्पित आराखडे अभ्यासक आजही मांडतात. परंतु जाडीइतकाच निर्णायक ठरला तो सांधा: तोफेच्या मनोऱ्यात भडकलेली ज्वाला खालच्या दारूकोठारापर्यंत जाऊ नये म्हणून असलेली दारे भराभर तोफा डागण्याच्या घाईत उघडी राहत, आणि बाहेरच्या थरातली आग आतल्या थराच्या गाभ्यात शिरे. जर्मनांना हा धडा जानेवारी १९१५ मध्ये, ‘सायडलिट्झ’चे मागचे दोन मनोरे जळून गेले तेव्हाच मिळालेला होता.

गाविलगडही सांध्यातच फुटला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावच्या लढाईत हरलेले भोसल्यांचे कवायती पायदळ गडावर येऊन किल्लेदार बेनीसिंगाच्या शिबंदीला मिळाले होते, त्यामुळे माणसांची उणीव नव्हती. वेलस्लीने स्वतः दक्षिणेला तळ दिला आणि कर्नल स्टीव्हन्सनला उत्तरेकडे धाडले. स्टीव्हन्सनच्या माणसांनी ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत डोंगरात स्वतः वाट तोडली, तोफा हातांनी ओढून नेल्या आणि जे येणार नाही असे मानले होते तेच लबाड्याच्या सपाटीवर आणून उभे केले. १३ तारखेला मोर्चे सुरू झाले, आणि लोखंडी तोफांच्या गोळ्यांनी जुन्या दगडी तटाला १४ तारखेच्या रात्रीपर्यंत चढता येण्याजोगी खिंडारे पाडली. दुसऱ्या दिवशी बाहेरचा किल्ला पडला. तरीही आतला तट शाबूत होता, त्याला एकही खिंडार नव्हते, आणि दरवाजाकडून आत घुसण्याचा पहिला प्रयत्न फसला. तेवढ्यात कॅप्टन कॅम्पबेलने ९४ व्या पलटणीचे हलके पायदळ घेऊन तटाच्या दुसऱ्या एका ठिकाणी शिड्या लावल्या, माणसे वर चढली आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. वायव्य दरवाजाशी तर पळू पाहणाऱ्या शिबंदीची गाठ बाहेरून येणाऱ्या पलटणीशीच पडली. बेनीसिंग लढताना मारला गेला.

म्हणून सुधारित गाविलगडाचा आराखडा काढायचा तर पहिला खर्च उत्तरेचा तट जाड करण्यावर होऊ नये, कारण दगडाचा उभा तट कितीही रुंद केला तरी जड गोळ्यांपुढे तो काही दिवस अधिक टिकतो, एवढेच. पहिला खर्च आतल्या आणि बाहेरच्या किल्ल्यांना विभागणाऱ्या दरीवर, म्हणजे त्या सांध्यावर, व्हायला हवा होता. त्याचा नमुना मराठवाड्यात देवगिरीला उपलब्ध होता, जिथे मुख्य टेकडीचा पायथा उभा तासून भोवती खंदक खोदलेला आहे आणि आत जायला एकच अरुंद वाट ठेवलेली आहे; तशा तासलेल्या खडकावर कॅम्पबेलच्या शिड्या पोहोचल्या नसत्या. दुसरी गोष्ट शिबंदीची विभागणी: आतल्या किल्ल्याची माणसे बाहेरच्या लढाईत न पाठवता त्यांच्या तटावरच राखून ठेवणे, आणि बाहेरून मागे हटणाऱ्यांसाठी दार उघडण्याची वेळ येऊ न देणे. हा निर्णय कठोर आहे, कारण तो आपल्याच माणसांना बाहेर ठेवतो. परंतु रिकाम्या तटावर शिड्या लागण्याचा धोका अनपेक्षित नव्हता: अहमदनगरची पेठ त्याच वर्षी ८ ऑगस्टला शिड्या लावूनच घेतली गेली होती. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त होती. ३० मैलांच्या त्या वाटेवर, माणसे तोफांचे दोर ओढत असताना, काही शे स्वारांनी आणि बर्कंदाजांनी रोज छापे घातले असते, तर डोंगरावरचा भरवसा खरा ठरण्याची शक्यता होती. वाट राखली तरच अवघड जागा चिलखताचे काम करते.

अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्याची घडण या दृष्टीने अधिक विचारपूर्वक दिसते, कारण तिथे मुख्य किल्ल्याच्या पूर्वेला जाफराबाद आणि पश्चिमेला तेलियागड असे दोन उपदुर्ग स्वतंत्र तटांनी वेगळे केलेले आहेत. १८०३ मध्ये त्याच्यावर हल्ला झालाच नाही, कारण गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, रघुजी भोसले दुसरे यांनी देवगावचा तह केला. वऱ्हाडचा मुलूख त्यांच्या हातून गेला, पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले तहाने त्यांच्याकडेच राहिले आणि १८२२ मध्ये निजामाकडे गेले. १८५८ मध्ये तात्या टोप्यांच्या फौजेने गाविलगडाचा आश्रय घेऊ नये म्हणून इंग्रजांनी त्याची तटबंदी निकामी केली. ज्या तटाने स्टीव्हन्सनच्या तोफांपुढे दोन दिवसही तग धरला नव्हता, तोच पंचावन्न वर्षांनी त्यांना पाडून टाकण्याइतका धोक्याचा वाटला. त्या पाडापाडीतून वाचलेल्या दरवाजावर हत्तींना पकडून धरणारा दोन तोंडांचा गंडभेरुंड अजून कोरलेला दिसतो.