मिरजेची बिनतिकिटाची मैफल

फुकट ते हलके, असे आपण सहज बोलून जातो. मिरजेचा दाखला मात्र उलट आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ एके काळी बडोद्याच्या दरबारात गायले. पुढे स्थिरावले ते मिरजेत. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात ते वारले, आणि दफन झाले मिरजेलाच, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. मग दरसाल उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरू लागली. ती उभी करतात गावचे रसिक आणि सतारी-तंबोरे घडवणारे कारागीर. तिकीट नाही. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हंगल इथे गायल्या त्या बिदागीसाठी नव्हे, हजेरी लावायला. दरबारचे गाणे असे उरुसाला आलेल्या शेतकऱ्याच्या कानी पडले. गुरुजी, आपल्या जत्रेतली एखादी रात्र गाण्यासाठी राखता येईल ना?