घाव सोसणारे पोलाद

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. खरे पाहता घावाने दगड घडतो, पण अधिक कणखर होत नाही. एका पोलादाच्या बाबतीत मात्र ही म्हण अक्षरशः खरी ठरली. आणि ती का खरी ठरली, हे उकलायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षे लागली.

साल १८८२. इंग्लंडातील शेफील्ड गावी रॉबर्ट हॅडफील्ड हा तेवीस वर्षांचा तरुण वडिलांच्या पोलाद कारखान्यात प्रयोग करीत होता. पोलादात मँगनीज वाढविले तर काय होते, हे त्याला पाहावयाचे होते. (नागपूर-भंडाऱ्याकडच्या खाणींतून ज्याचे खनिज निघते, तोच हा धातू.) मँगनीज थोडे वाढविले की पोलाद ठिसूळ होते, हा कारखानदारांचा अनुभव. पाच टक्क्यांच्या आसपास तर हातोडीने त्याचा भुगा करता येई. बहुतेकांनी तेथेच हात आखडला असता. हॅडफील्ड पुढे गेला. बारा-तेरा टक्के मँगनीज आणि एक टक्क्याहून थोडा अधिक कार्बन असे मिश्रण साधताच निराळेच पोलाद हाती आले. साधे पोलाद तापवून पाण्यात बुडविले की कठीण व ठिसूळ होते. हे उलट चिवट झाले. लोहचुंबकही त्याला ओढीना. आणि ठोकावे तसे ते अधिकच कठीण होई. कठिणपणा मोजण्याच्या ब्रिनेल पद्धतीने ते प्रथम सुमारे २०० भरते. मार खाऊन त्याचा पृष्ठभाग ५०० च्याही वर जातो, आतला गाभा मात्र चिवटच राहतो.

म्हणूनच जेथे रूळ रुळाला छेदतो आणि चाकामागून चाक आदळते, तेथे हे पोलाद आले. दगड फोडणाऱ्या यंत्रांचे जबडेही त्याचेच झाले. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या अखेरीपासून, ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणे त्याची होऊ लागली. वरून छर्ऱ्यांचा मारा झाला तर टोपाला पोचा पडावा पण तो फुटू नये, यावर कित्येक तरुणांचे प्राण अवलंबून होते.

पण कारण? साध्या पोलादाला पाण्यात बुडविल्यावर जी कठीण अवस्था येते तीच येथे घावाने येत असावी, असा प्रथम तर्क होता. क्ष-किरणांना मात्र ती अवस्था सहसा सापडेना. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वेगळेच दृश्य दिसले. धातू म्हणजे असंख्य स्फटिककणांची दाटी. घाव बसताच कणातील अणूंचे काही पातळ पट्टे असे कलतात, की प्रत्येक पट्टा शेजारच्या भागाचे आरशातले प्रतिबिंब ठरतो. यालाच यमलन, म्हणजे जुळे होणे, म्हणतात. हे पट्टे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी पातळ असतात. मोकळ्या वाड्यात भिंतींमागून भिंती उभ्या राहाव्या, तसा एकेक कण विभागला जातो आणि अणूंच्या थरांना सरकायला वाट उरत नाही. जेथे ताण पडला तो भाग कठीण होतो, पुढचा ताण शेजारच्या मऊ भागाकडे जातो. म्हणून ओढलेली पट्टी एकाच ठिकाणी बारीक होऊन तुटण्याऐवजी सर्वत्र सारखी लांबते.

एवढ्याने वाद मिटला नाही. १९८१ साली दस्तूर आणि लेस्ली यांनी मुख्य श्रेय यमलनाला न देता, मँगनीज व कार्बन यांच्या जोड्या थरांची सरक अडवितात, या क्रियेला दिले. आज दोहोंचाही वाटा मानला जातो. विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत यमलनावरच भर देऊन मोटारींसाठी नवी पोलादे घडविली गेली. त्यांतील काही तुटण्यापूर्वी दीडपटीहूनही अधिक लांबतात.

मात्र जी भिंत तारते, तीच कधी घात करते. यमल पट्टे कणाच्या सीमेवर जेथे आदळतात तेथे ताण साचतो, आणि सूक्ष्म भेग तेथे जन्म घेऊ शकते. त्यात हायड्रोजन शिरला, तर दाबून घडविलेला पेला काही तासांनी वा दिवसांनी, कुणी हात न लावता तडकतो. थोडे अ‍ॅल्युमिनियम मिसळले की हा धोका कमी होतो.

हॅडफील्ड १९४० साली वारला. आपल्या पोलादातील ती जुळी त्याने पाहिली नव्हती. घावाने ते कठीण होते, एवढे त्याने पारखले होते. आजही गाडी सांध्यावरून खडखडत जाते, तेव्हा चाकाखालचा तो तुकडा प्रत्येक धक्क्यासरशी आत नवी भिंत घालीत असतो. आणि सोसण्याची सीमा कोठे आहे, हेही त्या भिंतींतच लिहिलेले असते.