दान केलेली त्वचा कायमची का टिकत नाही?

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडसारख्या गावात कुणी गंभीर भाजलं, तर रुग्णाला बहुतेकदा नागपूरला हलवावं लागतं. नागपुरात स्किन बँक आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात ती 2000 साली सुरू झाली. मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत काढलेली त्वचा 85 टक्के ग्लिसरॉलमध्ये, 4 अंश सेल्सिअसला ठेवतात.

ही त्वचा लावताना रक्तगट जुळवत नाहीत, कारण ती कायमची नसतेच. ती जखम झाकते, शरीरातलं पाणी टिकवते, जंतुसंसर्ग रोखते आणि साधारण 2 ते 3 आठवड्यांत गळून पडते. पण मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णासाठी हेच आठवडे जीव वाचवणारे ठरतात.

ती गळते कशी?

हे काम प्रामुख्याने टी-पेशी या पांढऱ्या पेशींचं. पण त्या रक्तासोबत वेगाने वाहत असतात. थांबल्याशिवाय त्वचेत शिरणार कशा? इथे पेशींवरचे चिकट रेणू कामाला येतात. जखमेजवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर ई-सिलेक्टिन हा रेणू उगवतो. त्वचेकडे जाणाऱ्या टी-पेशींवर सीएलए नावाची खूण असते, ती त्याला सैलसर अडकते. पेशीचा वेग मंदावतो, ती भिंतीवरून घरंगळू लागते. मग तिच्यावरचा एलएफए-1 भिंतीवरच्या आयकॅम-1 ला घट्ट धरतो आणि पेशी थांबते. पुरात वाहणाऱ्याने आधी झुडपं धरावीत, मग एखादं जाड मूळ पकडावं, तसंच. पुढे ती भिंतीच्या फटीतून त्वचेत शिरते. तिथेही परक्या पेशीला मारताना हीच पकड वापरते.

ग्लिसरॉलमुळे दान केलेल्या त्वचेतल्या पेशी मरतात. त्यामुळे हल्ला सौम्य होतो, टळत नाही.

मग ही पकडच सोडवली तर? उंदरांमधल्या हृदय प्रत्यारोपणात ही युक्ती चालली होती. माणसांत एलएफए-1 रोखणारं इफॅलिझुमॅब हे औषध 2003 मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी मंजूरही झालं. पण काही रुग्णांना मेंदूचा जीवघेणा विषाणूसंसर्ग झाला आणि 2009 मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आलं. जंतूंशी लढायलाही पेशींना हीच पकड लागते.

म्हणून आजही कायमचा इलाज म्हणजे रुग्णाच्याच मांडीची किंवा पाठीची पातळ त्वचा. ती काढण्याइतकी ताकद त्याच्यात येईपर्यंत दात्याची त्वचा जखम सांभाळते.