उजवीकडून डावीकडे : सौदीतल्या खिडक्या आणि बटणं

"वाळवंट, उंट आणि बिर्याणी सोडून काहीतरी लिहा," असा यंदा आपल्या संपादक मंडळाचा आदेश आला. आता माझ्यासारख्या संगणकवाल्याने लिहायचं तरी काय? आयुष्यभर खिडक्या बनवल्या आणि त्यांवर बटणं चिकटवली. पण विचार करताना वाटलं, या बटणांचाही एक इतिहास आहे, आणि तो सौदी अरेबियात बसून जसा दिसतो तसा पुण्या-मुंबईत किंवा अमेरिकेत बसून दिसत नाही. तेव्हा मंडळी, थोडं सोसा. शक्य तितकं सोपं करून सांगतो.

संगणकाच्या पडद्यावर आपण जे दाबतो, भरतो, निवडतो, त्या प्रत्येक वस्तूला आमच्या धंद्यात 'कंट्रोल' म्हणतात. बटण हा एक कंट्रोल, नाव लिहायची चौकट हा दुसरा, खाली उघडणारी यादी हा तिसरा, 'टिक' करायचा खोका हा चौथा. बँकेत, दवाखान्यात, विमानतळावर काउंटरपलीकडचा माणूस याच चार-पाच वस्तूंशी दिवसभर खेळत असतो.

बटण आलं कुठून?

१९८० च्या दशकात खिडक्या आल्या, पण त्या बनवणं हे महाकठीण काम होतं. एक साधं बटण दिसावं म्हणून सी भाषेत पानंच्या पानं लिहावी लागत. हे ओझं दोघांनी हलकं केलं. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन आउस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये 'टिकल' नावाची छोटी स्क्रिप्टिंग भाषा केली आणि पाठोपाठ 'टीके' हा कंट्रोल्सचा संच जोडला. बटण, त्यावरचा मजकूर आणि दाबल्यावर काय व्हावं, हे सगळं एका ओळीत! हाच टीके संच पुढे पायथन भाषेने उचलला आणि आजही तो पायथनसोबत येतो.

दुसरे अॅलन कूपर. फॉर्मवर वस्तू माऊसने ओढून ठेवायच्या ही त्यांची कल्पना मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, तिला बेसिक भाषा जोडली आणि मे १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाजारात आलं. काटेकोरपणे बोलायचं तर ही स्क्रिप्टिंग भाषा नव्हे, पण तिची धाकटी बहीण व्हीबीए एक्सेलच्या पोटात जाऊन बसली आणि तिने जगभरच्या ऑफिसांत स्क्रिप्टचंच काम केलं.

आमच्या पिढीला ही भाषा म्हणजे पोटापाण्याची सोय होती. डोंबिवली, ठाणे, पुणे, नाशिक, गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. आधी फॉक्सप्रो, मग व्हिज्युअल बेसिक. त्या शिदोरीवर मी १९९६ साली खोबरला उतरलो. (आईला शेवटपर्यंत वाटत होतं की या गावात नारळाचा व्यापार चालतो.)

पडदा फिरवायचा कसा?

इथे आल्यावर कळलं, आपण शिकलो ते अर्धंच. अरबी उजवीकडून डावीकडे जाते हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचा पडद्यावर अर्थ काय? फक्त अक्षरं उलट दिशेने लिहून भागत नाही. नावाची चौकट डावीकडे आणि तिचं शीर्षक उजवीकडे जायला हवं. सरकपट्टी डाव्या कडेला हवी. 'पुढे' चा बाण डावीकडे वळायला हवा. एक्सेलच्या पानाचा पहिला रकाना उजवीकडून सुरू व्हायला हवा. थोडक्यात, आरशात दिसावं तसं सगळं.

त्यात गंमत अशी की आकडे मात्र उलटत नाहीत. उजवीकडून येणाऱ्या ओळीत फोन नंबर आला की तेवढाच डावीकडून उजवीकडे वाचायचा. कंसांची तोंडं फिरतात, तारखेतल्या तिरक्या रेघा जागा बदलतात. आणि ते आकडे तरी कसे? अरबी पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. या आकड्यांना अरब लोक 'हिंदी अंक' म्हणतात, हे ऐकून सुरुवातीला मला उगाचच घरच्यासारखं वाटलं होतं.

व्हिज्युअल बेसिकमध्ये यासाठी 'राइट-टू-लेफ्ट' नावाचा गुणधर्म होता. फॉर्मला, चौकटीला, बटणाला तो चालू करायचा. पण खालचं विंडोजच अरबीची सोय असलेलं नसेल तर त्याचा काही उपयोग नसे. शिवाय अक्षरं फिरली तरी वस्तूंच्या जागा फिरत नसत. प्रत्येक चौकटीचं डावं अंतर फॉर्मच्या रुंदीतून वजा करून ती पलीकडे सरकवणारी आठ-दहा ओळींची स्क्रिप्ट आम्ही प्रत्येक जण बाळगून असायचो, जशी बायका खास मसाल्याची डबी बाळगतात तशी. पूर्ण खिडकी आरशासारखी उलटवण्याची सोय अरबी विंडोज ९८ आणि नंतर विंडोज २००० मध्ये आली. डॉट नेटच्या फॉर्मला तर ती २००५ साली मिळाली.

नावांची कहाणी याहून मजेशीर. कर्मचाऱ्याच्या फॉर्मवर दोन चौकटी असत, एक इंग्रजी नावाची, एक अरबी. दुसऱ्या चौकटीत कर्सर गेला की कळफलक आपोआप अरबी व्हावा म्हणून 'गॉट-फोकस' या घटनेला विंडोजला हाक मारणारी एक ओळ लिहायची. ती ओळ लिहिली की क्लार्क खूष. पण पुढे चौकटीत पडायचं काय? अरबी लिपीत 'प' नाही, 'च' नाही, 'ट' नाही. त्यामुळे पाटलांचे बातील झाले, चव्हाणांचे कधी शव्हान तर कधी तशाफान. आपल्यापैकी कितीजणांच्या इकाम्यावर आणि मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर दोन वेगळी आडनावं आहेत, ते आठवून बघा. त्या नावाचा उगम अशाच एखाद्या चौकटीत आहे.

तारीख कुठली?

दुसरा पेच कॅलेंडरचा. पगार कोणाचा इंग्रजी महिन्याने, इकामा हिजरी तारखेने. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी छोटं. महिना २९ चा की ३० चा, हे चंद्रावर.

व्हिज्युअल बेसिकमध्ये कॅलेंडर हिजरी करायची सोय होती. पण तिचं गणित ठरावीक कोष्टकावर चालायचं, आणि सौदी सरकारचं कॅलेंडर म्हणजे उम्म अल-कुरा, मक्केसाठी केलेल्या खगोल गणितावरचं. दोन्हींत एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक पडे. विंडोजच्या सेटिंगमध्ये म्हणूनच हिजरी तारीख दोन दिवसांपर्यंत मागेपुढे करायची सोय ठेवलेली होती! एका दिवसाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण इकाम्याची मुदत काल संपली की आज संपते, हा प्रश्न ज्याच्यावर आला आहे त्याला विचारा. म्हणून आम्ही तयार कॅलेंडरचा कंट्रोल बाजूला ठेवून दिवस, महिना, वर्ष अशा तीन याद्या लावायचो आणि मागे उम्म अल-कुराचं छापील कोष्टक टाइप करून ठेवायचो. शेवटी २००५ साली डॉट नेटच्या दुसऱ्या आवृत्तीत उम्म अल-कुराची स्वतंत्र सोय आली.

पुढे तर कॅलेंडरच बदललं. २०१३ च्या जूनमध्ये सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली. ऑक्टोबर २०१६ पासून सरकारी पगार इंग्रजी महिन्याने निघू लागले. प्रत्येक वेळी कुठेतरी कोणीतरी एक फॉर्म उघडून बसला असणार.

मग आपली मराठी?

इथवर वाचून वाटेल, अरबीचे फार हाल झाले. खरं सांगतो, मला तर हेवा वाटायचा.

कारण असं. व्हिज्युअल बेसिकच्या चौकटीत एका अक्षराला एक बाइट, म्हणजे एका वेळी २५६ चिन्हंच. अरबीसाठी विंडोजने त्या २५६ घरांचं एक अधिकृत कोष्टक केलं होतं, १२५६ क्रमांकाचं. देवनागरीसाठी असं कोष्टक विंडोजमध्ये कधीच आलं नाही. आपल्याकडे प्रमाण नव्हतं असंही नाही. इस्की हे भारतीय प्रमाण १९९१ साली ठरलं होतं, पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड तर डॉसच्या काळापासून मराठी दाखवत होतं. पण विंडोजच्या साध्या चौकटीला इस्की कळत नव्हती.

मग आपण फाँटची युक्ती केली. चौकटीत इंग्रजी अक्षरं ठेवायची आणि त्यांवर मराठी आकाराचा फाँट चढवायचा. दिसायला मराठी, आत भलतंच. २००० च्या सुमारास मंडळाच्या सभासदांची यादी ठेवायला मी असाच एक छोटा प्रोग्रॅम केला होता. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. बटणांवर 'जतन करा', 'शोधा', 'छापा' असं मराठीत बघून सगळ्यांना केवढा आनंद झाला होता! अकारविल्हे लावायला गेलं की मात्र 'अ' च्या आधी 'म' यायचा, आणि फाँट नसलेल्या मशीनवर सगळी नावं कचरा दिसायची.

मध्यंतरी जुन्या सीडी निघाल्या. त्याच काळातल्या अरबी याद्या आजच्या संगणकावर एकही अक्षर न बिघडता उघडल्या. मंडळाची यादी उघडली तर नुसती चिन्हांची रांगोळी. त्यातले काहीजण भारतात परतले, काही कॅनडाला गेले, दोघे-तिघे आता या जगात नाहीत. त्यांची नावं त्या फाइलमध्ये आहेत, पण मराठीत नाहीत. पडद्यावर भाषा दिसणं वेगळं आणि ती आत साठवली जाणं वेगळं, हा फरक तेव्हा मनाला खराखुरा लागला. विंडोज २००० पासून युनिकोडमुळे हा प्रश्न सुटला, पण आधीची कितीतरी घरगुती मराठी अशी अडकून राहिली आहे.

रियाधची रिंग

अरबांना ही शहाणीव आपसूक आली नाही. त्यासाठी माणसं खपली. कुवेतचे मोहम्मद अल-शारेख यांनी १९८२ साली सुरू केलेल्या कंपनीतून 'सख्र' हे अरबी संगणक आखातात घरोघर गेले. त्यांवर अरबीतून बेसिक शिकता येत असे. १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केल्यावर त्यांना बिऱ्हाड कैरोला हलवावं लागलं, पण काम थांबलं नाही. २०२१ साली त्यांना सौदीचा किंग फैसल पुरस्कार मिळाला. मार्च २०२४ मध्ये ते वारले.

आता कथा आपल्या रियाधमध्ये येते. इजिप्तचे महमूद समीर फायेद हे इथल्या किंग सौद विद्यापीठाशी जोडलेले संशोधक. कोड न लिहिता, चित्रांसारखे तुकडे जुळवून प्रोग्रॅम करायचं पीडब्ल्यूसीटी नावाचं साधन त्यांनी २००५ च्या अखेरीस सुरू केलं. कशात, तर व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये! आमच्या डोंबिवलीच्या क्लासमधली तीच. पुढे मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रो बंद करायचं ठरवलं. फायेद यांनी मग स्वतःचीच स्क्रिप्टिंग भाषा केली, 'रिंग'. ती २५ जानेवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झाली.

रिंगमध्ये खिडकी, बटण, चौकट हे सगळं क्यूटी नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या संचातून येतं. खिडकीला दिशा सांगितली की आतल्या वस्तू स्वतः जागा बदलतात, आमची मसाल्याची डबी निकालात. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. या भाषेत 'जर', 'नाहीतर', 'दाखव' अर्थाचे मूळ शब्दसुद्धा बदलता येतात. अरबी पोराला अरबी शब्दांत प्रोग्रॅम लिहिता यावा, अशी जागा भाषेच्या रचनेतच ठेवली आहे. आम्ही वीस वर्षं बटणावरचं नाव बदलण्यासाठी झगडलो. इथे बटणामागची भाषाच आपली करता येते.

फायद्याचा हिशोब केला तर रिंग शिकून कोणाला लगेच नोकरी लागेल असं मी म्हणणार नाही. पण आपल्या घरातली मुलं इथल्या शाळांत पायथन शिकताहेत. त्यांना एक काम सांगा. पायथनमध्ये टीकेची एक खिडकी करा, दोन चौकटी, एक बटण. चौकटींवर 'नाव' आणि 'गाव' लिहा, बटणावर 'जतन करा'. पंधरा-वीस ओळींचं काम आहे. त्यात आजी-आजोबांची, मामा-मावश्यांची नावं युनिकोड मराठीत भरून ठेवा, 'प' चा 'ब' होऊ न देता. वीस वर्षांनी कोणी ती फाइल उघडली, तर पाटील हे पाटीलच निघतील.