हवेच्या थरावर तोललेला उपग्रह

उपग्रहाचा कॅमेरा, अँटेना आणि सौरपट्ट्या हव्या त्या दिशेला रोखून धरणाऱ्या यंत्रणेला अभिमुखता नियंत्रण म्हणतात. अवकाशात उपग्रह वळवायला अगदी क्षीण बळ पुरते. ३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेने सोडलेला एक्सप्लोरर-१ लांबीच्या अक्षाभोवती फिरायचा होता. पण त्याच्या चार लवचीक अँटेनांच्या हिंदकळण्यात ऊर्जा खर्च होत गेली आणि तो काही तासांतच आडवा गरगरू लागला. इतक्या नाजूक हालचाली जमिनीवर तपासायच्या, तर साध्या बॉल बेअरिंगचे घर्षणसुद्धा जड पडते.

तोड आधीच हाताशी होती. हवा वंगणाचे काम करू शकते, हे अल्बर्ट किंग्जबरी यांनी १८९७ मध्ये प्रयोगाने दाखवले होते आणि अमेरिकेच्या रेडस्टोन क्षेपणास्त्रातले दिशा राखणारे गायरो दाबलेल्या हवेवरच तरंगत. ते क्षेपणास्त्र घडवणाऱ्या हंट्सव्हिलच्या लष्करी संस्थेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस उपग्रहांसाठी हवाई बेअरिंगचा सिम्युलेटर तयार झाला. १९६० मध्ये त्या संस्थेचा मोठा भाग नासाच्या मार्शल केंद्रात गेला.

रचना साधी आहे. घासूनपुसून गुळगुळीत केलेला गोळा तशाच वाटीत बसतो. वाटीच्या छिद्रांतून हवा सोडली की तो केसाच्या जाडीहूनही कमी उचलला जातो. गोळ्यावरच्या पाटावर बॅटऱ्या, गायरो आणि स्वतः फिरून उपग्रहाला उलट दिशेने वळवणारी रिअ‍ॅक्शन व्हील मांडतात. वायरसुद्धा पाटाला ओढते, म्हणून संदेश रेडिओने जातात. बोटाने हलकेच ढकलले तरी शेकडो किलोंचा पाट फिरू लागतो. उभ्या अक्षाभोवती तो पूर्ण फिरतो, मात्र जास्त कलला तर वाटीखालच्या खांबाला टेकतो. म्हणून पुढे गोळ्याच्या दोन बाजूंना दांड्यावर दोन पाट जोडलेली डंबेलसारखी रचना आली.

घर्षण असे जवळजवळ संपले, पण खरा झगडा गुरुत्वाकर्षणाशी होता. १०० किलोच्या पाटाचा गुरुत्वमध्य गोळ्याच्या केंद्रापासून ०.०१ मिलिमीटर सरकला, तरी सुमारे ०.०१ न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. लहान उपग्रहाचे रिअ‍ॅक्शन व्हील स्वतः साधारण तेवढाच पीळ देते! म्हणून पाट कलवून सोडतात. लंबकासारखा झुलला तर गुरुत्वमध्य खाली आहे, कलंडत गेला तर वर. मग तराजूला पासंग बांधावा तशी स्क्रूवरची छोटी वजने थोडी थोडी सरकवायची. झोका जितका मंदावेल तितका तोल साधला. हे काम अत्यंत चिकाटीचे आहे, कारण कलल्यावर पाट स्वतःच किंचित वाकतो आणि खोलीतली हवेची झुळूकही त्याला वळवते. पुढे हीच वजने मोटरने आपोआप सरकवण्याची सोय झाली.

१९९९ मध्ये छोट्या घनाकार उपग्रहांची, म्हणजे क्यूबसॅटची, कल्पना पुढे आल्यावर विद्यापीठांतही असे छोटे सिम्युलेटर दिसू लागले. भोवती तारांची वेटोळी उभारून कक्षेतले चुंबकीय क्षेत्रही निर्माण करतात. आकार लहान झाला, पण तोल साधणे उलट कठीण झाले. किलोभर वजनाचा क्यूबसॅट ०.०१ मिलिमीटरने असमतोल असेल, तर गुरुत्वाकर्षणाचा पीळ चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने त्याला वळवणाऱ्या छोट्या कॉइलच्या पिळाहून कित्येक पट भरतो.