लाइम रोग : वय आणि रोगमुक्ती
बोरेलिया बर्गडॉर्फेराय या सर्पिल जीवाणूमुळे होणारा, गोचिडीच्या दंशातून पसरणारा रोग. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या लाइम परिसरात १९७५ च्या सुमारास मुलांमधील सांधेसुजीच्या तपासातून तो पुढे आला. ५ ते १५ वर्षांची मुले आणि पन्नाशीच्या आसपासचे प्रौढ यांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. प्रारंभी दंशाभोवती लाल चट्टा पसरतो. मुलांत तो डोके व मानेवर तुलनेने अधिक दिसतो. डॉक्सिसायक्लिन अथवा ॲमॉक्सिसिलिन वेळेवर, साधारणतः दोन आठवडे दिल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. मुलांची रोगमुक्ती सहसा पूर्ण असते. उपचारांनंतर थकवा वा सांधेदुखी रेंगाळल्यास, वृद्धांत इतर व्याधींमुळे तिचे कारण ठरवणे कठीण जाते.